टायर नव्हे, क्लच जळतो : जुन्या मॅन्युअल गाडीतील घसरत्या क्लचची तपासणी

लक्षण पहिल्यांदा चढावर दिसते. साताऱ्यात समर्थ मंदिरावरून यवतेश्वराच्या घाटाला गाडी लागते, पहिली एक-दोन वळणे नीट पार पडतात आणि मग तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या प्रमाणात पुढे सरकत नाही. दुसरा गिअर टाकला की ती पुन्हा ओढू लागते, त्यामुळे मालकाची समजूत होते की चढच मोठा आहे. काही आठवड्यांनी तोच प्रकार खंबाटकी घाटात चौथ्या गिअरमध्ये होतो आणि पुढे सपाट महामार्गावर ट्रकला मागे टाकतानाही होऊ लागतो. तोपर्यंत क्लच पेडल अगदी वर आल्याशिवाय गाडी हलेनाशी होते, पेट्रोल जास्त लागू लागते आणि घाट चढून थांबल्यावर बॉनेटखालून जळक्या कागदासारखा उग्र वास येतो. गाडी रेस घेते पण पळत नाही, या एका वाक्यात बहुतेक मालक ही तक्रार सांगतात, आणि ते वाक्य अगदी नेमके आहे.

वरच्या गिअरमध्ये हे आधी का जाणवते, हे समजून घेतले तर पुढची तपासणी सोपी जाते. क्लच इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध बसलेला असतो. पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर क्लचच्या पुढे, म्हणजे गिअरबॉक्समध्ये, वाढवला जातो. त्यामुळे तोच चढ चढण्यासाठी क्लचला कमी जोर पुढे द्यावा लागतो. वरच्या गिअरमध्ये ही वाढ कमी मिळते, म्हणून सगळा भार क्लचवर येतो. ज्या क्लचची पकड थोडीच ढिली झाली आहे, तो दुसऱ्या गिअरमध्ये निभावून नेतो आणि चौथ्यात घसरतो.

याच्याशी गल्लत होईल असे दोन दोष आधी बाजूला काढले पाहिजेत. ॲक्सिलेटर दाबूनही इंजिनाचा आवाज चढतच नसेल आणि गाडीही ओढत नसेल, तर दोष क्लचचा नसून इंजिनाचा आहे. एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर आणि प्लग तिथे पाहावेत. आवाज जड येत असेल, न्यूट्रलमध्ये सपाटीवरही गाडी हाताने ढकलताना अडत असेल आणि वास एखाद्याच चाकापाशी येत असेल, तर ब्रेक चिकटलेला आहे. क्लचचा वास चाकापाशी येत नाही, बॉनेटखालून किंवा डॅशबोर्डच्या जाळीतून गाडीत येतो. क्लच निकामी झाला म्हणून आणलेल्या गाडीचे मागचे ड्रम हातही लावता येणार नाहीत इतके तापलेले मी अनेकदा पाहिले आहेत, आणि कारण इतकेच असते की हँडब्रेक पूर्ण खाली सोडलेला नसतो.

या दोषाच्या कारणांत अलीकडे एक नवे कारण माझ्यासमोर वारंवार येते. टायरमधून धूर काढणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ पाहून मुले घरातली जुनी गाडी मोकळ्या जागेत नेतात, हँडब्रेक ओढतात, पहिला गिअर टाकतात आणि इंजिन भरपूर रेस करून क्लच अर्धवट सोडतात. गाडीचे नुकसान न होता बर्नआउट, म्हणजे गाडी जागेवर ठेवून टायर फिरवत धूर काढणे, कसा करायचा, हे मला अनेकांनी विचारले आहे. जुन्या मॅन्युअल गाडीत ते नुकसानीशिवाय होत नाही, असे मी स्पष्ट सांगतो, आणि त्यामागचा हिशेबही मांडतो.

समजा, चालवणाऱ्या चाकांवर ४०० किलो वजन आहे. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षणांक सुमारे ०.८ धरला, तर ते टायर जागीच फिरवण्यासाठी साधारण ३२० किलोची ओढ रस्त्याशी निर्माण व्हावी लागते. मारुती ८०० च्या ७९६ सीसीच्या इंजिनाचा संपूर्ण जोर पहिल्या गिअरमध्ये जेमतेम तेवढा भरतो, आणि तोही इंजिन व क्लच दोन्ही नवे असतील तर. वय झालेल्या गाडीत पकड सुटायची ती सर्वांत कमकुवत जागी सुटते, आणि ती जागा रस्ता आणि टायर यांच्यामध्ये नसते; ती क्लच प्लेट आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारी जड चकती, यांच्यामध्ये असते. गाडी जागेवर उभी, इंजिन ४००० फेऱ्यांवर आणि क्लचमधून ५० न्यूटन-मीटर जोर घसरत आहे असे धरले, तर प्रत्येक क्षणी सुमारे २१ किलोवॅट उष्णता त्या एका प्लेटवर उतरते. घरातल्या १००० वॅटच्या एकवीस इस्त्र्या एका ताटलीएवढ्या प्लेटवर एकाच वेळी ठेवल्या, तर जे होईल ते तिथे होते. लायनर, म्हणजे प्लेटवरचा पकड देणारा थर, तापला की त्याचे घर्षण कमी होते, घर्षण कमी झाले की घसरण वाढते, आणि घसरण वाढली की तो आणखी तापतो.

पावसाळ्याआधी कॉलेजात शिकणारा एक मुलगा मामांची मारुती ८०० दोरी बांधून ओढत माझ्याकडे घेऊन आला. वाढे फाट्याच्या बाजूला एका मोकळ्या जागेत त्याने हा प्रयोग तीन वेळा केला होता. त्याने मला प्रथम हेच विचारले की, "काका, टायर बदलावे लागतील का?" मी पुढचे टायर हात फिरवून पाहिले. नक्षीच्या कडा शाबूत होत्या आणि खाचांत अडकलेले बारीक खडेदेखील जागच्या जागी होते. त्याने पाहिलेला धूर टायरमधून आलेलाच नव्हता. गिअरबॉक्स उतरवला तेव्हा प्लेटचा लायनर काचेसारखा चकचकीत काळा झालेला होता, त्याचा एक तुकडा निघून आतच फिरत राहिला होता, आणि फ्लायव्हीलवर रुपयाएवढे निळे-जांभळे डाग पडले होते. ते डाग म्हणजे तिथले लोखंड तापून त्याचा गुण बदलल्याची खूण असते. मामांना काय सांगायचे, या काळजीने तो मुलगा संध्याकाळपर्यंत गॅरेजच्या पायरीवर बसून राहिला. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

ओल्या किंवा खडीच्या जागेवर टायर फिरतो, कारण तिथे पकडच कमी असते. परंतु मग भार दुसरीकडे जातो. एक चाक फिरते आणि दुसरे थांबते, तेव्हा डिफरन्शियलमधील, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागातील, छोटे गिअर कधी फिरत नाहीत इतक्या वेगाने फिरतात; आणि फिरणाऱ्या टायरला अचानक कोरडी जागा मिळाली, तर तो झटका थेट ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवर बसतो. क्लच अर्धवट न सोडता एकदम सोडावा, म्हणजे प्लेट वाचते, असा सल्ला दिला जातो. प्लेट त्याने काही अंशी वाचते हे खरे आहे, पण जुने इंजिन माउंटिंग, जॉइंट आणि गिअरचे दात ती किंमत भरतात. सार्वजनिक रस्त्यावर असे करणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्याचा गुन्हा ठरू शकतो, आणि दोन गाड्यांनी शर्यत लावली तर कलम १८९ लागते, हेही मी मुलांना सांगतो.

आता तपासणी. जे फुकट आहे ते आधी पाहावे आणि ज्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो ते शेवटी. हा क्रम पाळला नाही म्हणून पूर्ण क्लच सेट बदलल्यानंतर जुनी केबलच अडकत होती असे उघड झालेल्या गाड्या माझ्याकडे आल्या आहेत.

सर्वांत आधी गाडी थांबवून किमान अर्धा तास थंड होऊ द्यावी. तापलेला क्लच चांगला असला तरी घसरतो, म्हणून वास येत असताना केलेली कोणतीही तपासणी खोटे उत्तर देते. कासच्या फुलांच्या हंगामात घाटात वाहनांची रांग लागते, आणि त्या रांगेत ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणारे कितीतरी लोक वर पोहोचेपर्यंत घाबरून जातात. अशा गाडीचा लायनर फक्त वरवर भाजलेला असेल, तर पुढचे आठ-दहा दिवस सपाट रस्त्यावर सांभाळून चालवल्यावर तो पुष्कळदा पूर्वपदावर येतो. त्यानंतरही घसरण राहिली तरच पुढे जावे.

गाडी थंड होत असताना पायाखाली पाहावे. एका निवृत्त गृहस्थांच्या गाडीत मूळ मॅटवर काथ्याचे पायपुसणे आणि त्यावर पुन्हा रबरी मॅट टाकलेले होते. त्या थराची कड पेडलच्या दांड्याला आतून टेकत होती आणि पेडल पूर्ण वर येऊ देत नव्हती. दोन्ही मॅट काढल्यावर तक्रार संपली. याच वेळी चालवणाऱ्याने स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे की, आपला डावा पाय पेडलवर टेकलेला राहतो का. पायाचे नुसते वजनही रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लचची पकड सोडवणारे बेअरिंग, दाबून ठेवायला पुरेसे असते, आणि त्याने पकड सतत थोडी सुटलेली राहते. ही सवय स्वतःच्या लक्षात येत नाही, शेजारी बसलेल्याला ती दिसते; म्हणून घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवून एक फेरी मारावी.

यानंतरची तपासणी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिला लागते फक्त एक पट्टी. पेडल हाताने दाबून पाहावे. सुरुवातीला ते अगदी हलके जाते आणि मग एका ठिकाणी जड लागते. या हलक्या अंतराला फ्री प्ले म्हणतात. केबल असलेल्या बहुतेक छोट्या गाड्यांत तो साधारण १५ ते २५ मिलिमीटर असतो, आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. हे अंतर आपोआप कमी होत जाते आणि त्याचे कारण बहुतेकांना उलटे वाटते. प्लेट झिजली की पेडल ढिले होईल अशी समजूत असते, परंतु प्रत्यक्षात प्लेट पातळ झाली की तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटे बाहेरच्या बाजूला, म्हणजे रिलीज बेअरिंगकडे, सरकतात आणि मधले अंतर संपते. ते पूर्ण संपले की बेअरिंग बोटांना कायम दाबून ठेवते, जणू कोणी चोवीस तास पेडलवर पाय ठेवून बसले आहे. अशा वेळी प्लेटमध्ये जीव शिल्लक असूनही क्लच घसरतो, आणि तसाच चालवला तर तो शिल्लक जीवही महिन्याभरात संपतो.

केबलच्या गिअरबॉक्सकडील टोकाला असलेला नट सैल करून हे अंतर पुन्हा मिळवता येते. काही गाड्यांत हे जुळवणे आपोआप होते, तिथे नटाशी खेळू नये. नट एका वेळी दोन-तीन फेऱ्याच फिरवावा, पेडल चार वेळा दाबून सोडावे आणि मग पुन्हा मोजावे. अंतर गरजेपेक्षा जास्त ठेवले तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो. नट शेवटच्या आट्यापर्यंत येऊनही प्ले मिळत नसेल, तर प्लेट संपली आहे असे समजावे. इथून पुढची एक-दोन पायऱ्यांची मेहनत वाचते.

प्ले बरोबर असूनही दोष असेल, तर केबल पाहावी. एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून गिअरबॉक्सवरच्या दांड्याकडे नजर ठेवावी. पेडल सोडल्याबरोबर दांडा चटकन मागे आला पाहिजे. तो अडखळत किंवा सावकाश येत असेल, तर केबल आत गंजली आहे, तिचे तंतू तुटून आवरणात अडकत आहेत किंवा ती कुठेतरी तीव्र वळणाने बसवली आहे. साताऱ्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला हे हमखास होते. तेल सोडून काम भागवण्यापेक्षा केबल बदलावी. ती काही शे रुपयांत मिळते, आणि तुटू लागलेली केबल घाटात मध्येच पूर्ण तुटते.

हायड्रॉलिक क्लच असेल तर केबलऐवजी वरचा आणि खालचा सिलिंडर असतो. तिथे पेडल सोडल्यावरही दाब आत अडकून राहण्याचा दोष आढळतो, कारण वरच्या सिलिंडरचे बारीक परतीचे छिद्र गाळाने बुजते किंवा जुना रबरी पाइप आतून फुगतो. क्लच घसरत असताना गाडी सपाट जागी बंद करून खालच्या सिलिंडरचा ब्लीडर, म्हणजे तेल-हवा बाहेर काढण्याचा स्क्रू, क्षणभर सैल करावा. तेलाची चिळकांडी उडाली आणि त्यानंतर घसरण थांबली, तर दोष सिलिंडरमध्ये किंवा पाइपमध्ये आहे, प्लेट निर्दोष आहे. ते तेल रंगावर पडू देऊ नये, रंग सोलला जातो.

एवढे झाल्यावरच चाचणी घ्यावी. सपाट, मोकळ्या जागी, पुढे-मागे कोणी नसताना हँडब्रेक पूर्ण ओढून, उजवा पाय ब्रेकवर दाबून ठेवून, इंजिन चालू असताना तिसरा गिअर टाकावा आणि क्लच सावकाश सोडावा. पेडल वर येता येता इंजिन गुदमरून बंद पडले, तर पकड ठीक आहे. पेडल पूर्ण सुटूनही इंजिन चालूच राहिले, तर क्लच घसरत आहे आणि तत्काळ पेडल दाबून इंजिन बंद करावे. ही चाचणी एकदाच करावी. खात्रीसाठी चार वेळा केली तर वर सांगितलेल्या इस्त्र्या आपणच प्लेटवर ठेवतो. केबल जुळवण्याआधी ही चाचणी करू नये असे मी आवर्जून सांगतो, कारण प्ले संपलेल्या गाडीत ती चांगल्या प्लेटलाही नापास ठरवते.

घरी करता येण्याजोगी शेवटची गोष्ट म्हणजे तेलाची गळती पाहणे. गाडी रात्रभर उभी राहते तिथे, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले आहेत त्या सांध्याच्या बरोबर खाली जुना पुठ्ठा टाकावा. सकाळी त्यावर डाग दिसला तर बोटाने घेऊन वास पाहावा. काळपट आणि पातळ तेल इंजिनाचे असते, ते बहुधा क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलमधून येते. दाट आणि गंधकासारखा उग्र वास असलेले तेल गिअरबॉक्सचे असते. हे कळणे महत्त्वाचे आहे, कारण तेल प्यालेली प्लेट बदलून सील तेच ठेवले, तर नवीन प्लेटही थोड्याच दिवसांत तेलात भिजते. भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवण्याची पद्धत मी बंद केली आहे. तो दिसतो कोरडा, पण गरम झाला की आत मुरलेले तेल पुन्हा वर येते.

यापुढे स्वतः काही करू नये. प्ले जुळवून, केबल बदलून आणि गाडी थंड करूनही ती चाचणीत नापास झाली, सांध्याखाली तेल दिसले किंवा पेडल दाबताना खरखर ऐकू आली, की गिअरबॉक्स उतरवण्याशिवाय मार्ग नसतो, आणि ते काम घरातल्या जॅकवर गाडी उचलून करण्याचे नाही. गिअरबॉक्सचे वजन छातीवर येऊन माणूस अडकतो. शिवाय जुन्या प्लेटच्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते. आतली काळी धूळ तोंडाने किंवा कंप्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. आपला मिस्त्री हवा मारू लागला, तर त्यालाही हे सांगावे. आणि घाटात क्लच पूर्ण सुटला, वास आणि धूर येऊ लागला, तर वरपर्यंत पोहोचण्याची जिद्द न धरता गाडी कडेला घ्यावी, चाकाला दगड लावावा आणि टोचन करणारी गाडी बोलवावी.

मिस्त्रीकडे गाडी दिल्यावर जुने भाग स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा आग्रह धरावा. प्लेटच्या रिव्हेटवर नख फिरवावे. डोके लायनरच्या पातळीच्या खाली असल्याची खाच नखाला लागली पाहिजे. डोके वर आलेले असेल, तर त्याने फ्लायव्हीलवर गोल चरा पाडलेला असणार. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या बारीक भेगा असतील, तर ते लेथवर फेसिंग करून, म्हणजे पृष्ठभाग सपाट कापून, घ्यावे, आणि भेगा खोल असतील तर बदलावे. तशाच पृष्ठभागावर नवी प्लेट बसवली तर गाडी सुटताना थरथरते. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकत्र बदलावेत, आणि गिअरबॉक्स खाली आहेच तर मागचे ऑइल सीलही त्याच वेळी बदलावे, कारण सीलची किंमत किरकोळ आणि पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी असते.

नवा सेट बसल्यावर पहिले ५०० किलोमीटर घाट, ओझे आणि इंजिन ताणून चालवणे टाळावे, म्हणजे लायनर आणि फ्लायव्हील एकमेकांवर नीट बसतात. त्यानंतर प्ले एकदा पुन्हा मोजावा, कारण पहिल्या झिजेत तो बदललेला असतो. चढावर थांबायचे झाले तर हँडब्रेक ओढावा, क्लच पकडू लागल्याची थरथर पेडलवर जाणवली की हँडब्रेक सोडावा, आणि गाडी चालू लागताच डावा पाय पेडलवरून उचलून बाजूला जमिनीवर ठेवावा. मामांची ती ८०० मी परत दिली तेव्हा त्या मुलाकडून हे यवतेश्वराच्या पहिल्या वळणावर दहा वेळा करून घेतले. अकराव्या वेळी त्याने ते मी न सांगता केले.